चिमूटभर परत

"ओढणी धर फुडं," सोजराबाई म्हणाल्या.

तनुजा ओसरीच्या पायरीवर उभी होती. पायांत बूट, डोक्यावर उन्हाची टोपी, दोन्ही तळहात चुन्याने पांढरे झालेले. सकाळपासून तिने आणि तिचे मदतनीस अफताबभाई यांनी मिळून मोशीतलं ते वावर मोजलं होतं. वावर म्हणायचं ते जुन्या सवयीनं. एका अंगाला रणजीतच्या नव्या गोडाऊनची भिंत उठली होती, दुसऱ्या अंगाला त्याच्या चुलत्याचा, दादासाहेबांचा गोठा होता, आणि मधल्या पट्ट्यावरून दोन्ही घरं कोर्टाच्या पायरीपर्यंत जाऊन आली होती. शेवटी हद्द कायम करायला मोजणी मागवली. रीडिंग सगळी घेऊन झाली होती. आता फक्त चुन्याच्या खुणा जोडून रेघ मारायची राहिली होती. मध्ये पाणी मागायला म्हणून ती पायरीपाशी आली, तर समोर रणजीतची आई सोजराबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी.

"आजी, माझी ओटी भरत नाहीत," तनुजा हळू आवाजात म्हणाली.

"का? सरकारनं बंदी घातलीया?"

"सरकारनं घातलीय. आणि..." तिचा हात आपसूक कपाळाकडे गेला. "दोन्हीकडून बंदी आहे, आजी."

रणजीत खांबाला टेकून मोबाईल समोर धरून उभा होता. त्याची बायको दारातल्या दारात थबकली. आत खाटेवर पडलेले त्याचे वडील, लक्ष्मणराव, तेवढे खोकले.

"सरकारचं मला ठावं न्हाई," सोजराबाई म्हणाल्या. "दुसरी बंदी कुनी घातली ते ठावं हाय. आमच्यासारख्या बायांनीच घातली. मंग मोडायची बी आमीच. अगं, माज्या हयातीत ह्या जमिनीला माप लावाया आलेली तू पयली बाईमानूस. तुला काय रिकाम्या पदरानं वाटंला लावू?"

तनुजाचा नवराही मोजणीदारच होता. तो गेल्यावर अनुकंपेवर ती त्याच कार्यालयात लागली. आधी आवक-जावकला बसली, मग खात्याची परीक्षा दिली आणि त्याचंच काम करू लागली. लोकांच्या वावरात दुपारी चहा मिळायचा, कधी भाकरी मिळायची. पण कासारवाडीत ती राहायची त्या इमारतीत संक्रांतीनंतर बायका वाटीभर हळदीकुंकू घेऊन जिन्यात हिंडायच्या, तेव्हा तिच्या दारापाशी त्यांची पावलं जरा हळू व्हायची आणि पुढे जायची. दाराच्या आत उभं राहून ती ती पावलं ऐकायची. आता ऐकायचीही सवय गेली होती.

वर्तणुकीचे नियम तिला तोंडपाठ होते. ज्याचं काम आपल्या हातात आहे त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. नवऱ्यानं आयुष्यभर पाळलेलं तिनं पाहिलं होतं. तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि पाहिलं तर तिचे हात ओढणी पसरून पुढे झाले होते.

"थांब आई," रणजीत म्हणाला. "असली साधी ओटी भरतेस? आपल्या घरची ओटी आहे." तो मोबाईल बायकोच्या हातात देऊन आत गेला आणि जरीकाठाचा खण घडी करून घेऊन आला. स्वतःच्या हातानं ताटात ठेवला. परत येऊन मोबाईल पुन्हा समोर धरला.

ओटीच्या ताटाला गडीमाणसं सहसा हात लावत नाहीत. सोजराबाईंनी लेकाकडे एकदा पाहिलं, पण बोलल्या काही नाहीत. तनुजाच्या कपाळाला त्यांनी आधी हळद लावली, मग न थांबता कुंकू. नारळ घातला, खण घातला, वरून ओंजळीनं तांदूळ. ओढणी जड झाली. कितीतरी वर्षांनी कपाळावर कुणाच्या तरी बोटाचा गारवा होता. तनुजानं मान खाली घातली, ती वर करवेना.

"आगं, चिमूट उलटी टाक की," सोजराबाई हसून म्हणाल्या. "इसरलीस व्हय?"

विसरलीच होती. ओटी भरून घेतली की त्यातले चार दाणे देणारीच्या ताटात परत टाकायचे असतात, म्हणजे तिच्या घरचं सरत नाही. तनुजानं ओटीत हात घातला. दाणे खणाच्या घडीत उतरले होते. तिथे तिच्या बोटांना काहीतरी लागलं. गोल, गुळगुळीत, जड.

बघायची गरज नव्हती. वेढणं होतं. सोनं साठवायला लोक करून ठेवतात तसलं, नक्षी नसलेलं वळं.

तिनं डोळे वर केले. सोजराबाई हसत होत्या. त्यांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं. रणजीत मोबाईलच्या आडून पाहत होता, आणि त्याला सगळं माहीत होतं.

ओटी ओसरीवर ओतून द्यावी, असं तिला वाटलं. पण तसं केलं तर सोजराबाईंचं काय? सगळ्यांसमोर या म्हातारीनं जिची ओटी भरली, तिनं ती तोंडावर परत केली, असं होईल. पुन्हा अशा कुणा बाईची ओटी भरायला मोशीत कुणी पुढे येणार नाही. आणि गप्प बसून घेऊन जावं, तर घरातल्या भिंतीवरच्या फोटोकडे बघायचं कसं?

आणि मग तिला कळलं की सोजराबाईंनी वाट आधीच सांगून ठेवली आहे.

तिनं चिमटीत तांदूळ घेतले, तांदळाबरोबर वेढणं घेतलं, आणि हात सोजराबाईंच्या ताटावर नेऊन सोडला.

टण्ण.

पितळी ताट अंगणापर्यंत वाजलं. मोजणीच्या रोव्हर यंत्राची काठी पुसत असलेल्या अफताबभाईंनी मान वळवली. कुंपणापलीकडून दादासाहेबांनीही वळवली.

"चिमटीत जरा जास्त आलं, आजी," तनुजा म्हणाली. "राहू दे. तुमच्या घरचं सरायला नको."

सोजराबाईंनी ताटाकडे पाहिलं. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. त्यांनी वेढणं उचललं, कनवटीला खोचलं आणि लेकाकडे न बघता आत निघून गेल्या.

तनुजा ओटीला गाठ मारून वावरात उतरली.

"काय बाई," दादासाहेब कुंपणापलीकडून म्हणाले, "त्यांची ओटी झाली. आता आमच्या वाट्याला काय?"

"जी रेघ येईल ती."

चुन्याची रेघ निघाली ती रणजीतच्या नव्या भिंतीच्या पोटातून. भिंत चुलत्याच्या जमिनीत घुसली होती. दादासाहेब मांडीवर थाप मारून हसले. रेघ पुढे गेली आणि त्यांच्या गोठ्याच्या कोपऱ्यातून आरपार निघाली, तेव्हा हसायचे थांबले.

"सोनाराचा काटा हाय ह्यो," ते म्हणाले. "कुनाकडं झुकतच न्हाई."

"म्हणून तर सरकारने मॅडमना दिलाय, दादा," अफताबभाई म्हणाले आणि पिशवीतला चुना झटकला.

त्याच संध्याकाळी तनुजानं कार्यालयात येऊन विलाससाहेबांच्या टेबलावर नारळ, खण आणि तांदळाची पुरचुंडी ठेवली, आणि घडलं ते सगळं लिहून दिलं. विलाससाहेब म्हणजे तिचे वरिष्ठ. माणूस सज्जन, पण कागद वाढला की त्यांचं पित्त वाढायचं.

"नारळ लिहून देतेस?" ते म्हणाले. "अगं, नारळ कोण लिहून देतं?"

"मोजणी त्यांचीच होती, साहेब."

"बरं, बरं. ठेव. खण कपाटात ठेवतो. नारळ काय, टिकणार थोडाच." त्यांनी शिपायाला हाक मारली. थोड्या वेळानं सगळं कार्यालय खोबरं चघळत होतं.

तक्रार आली ती नकाशा तयार झाल्यावर. मोजणी अधिकाऱ्यानं एका पक्षाकडून ओटीच्या नावाखाली सोनं मागून घेतलं आणि आणखी मिळालं नाही म्हणून रेघ उलटी मारली, असं रणजीतनं लिहिलं होतं. सोबत व्हिडिओ होता. त्यात ओढणी पसरलेली तनुजा स्पष्ट दिसत होती, आणि तिचा आवाजही स्पष्ट होता: सरकारनं घातलीय. दोन्हीकडून बंदी आहे, आजी. मग खण, तांदूळ. आणि तिथेच तो संपत होता.

दोन दिवसांत व्हिडिओ चिखलीपासून चाकणपर्यंत फिरला. कासारवाडीच्या इमारतीतही पोहोचला. तिथल्या बायकांना लाचेचं फारसं काही वाटलं नाही. ओटीचं वाटलं.

"कुंकूसुद्धा लावून घेतलंन्," जिन्यात कोणीतरी म्हणालं. तनुजा दाराच्या आत होती. या वेळी तिनं दार उघडलं.

"हो," ती म्हणाली. "लावून घेतलं." आणि पायांत चपला घालून त्यांच्यामधून खाली उतरून गेली.

चौकशीला जिल्ह्याच्या कार्यालयातून शमीम मॅडम आल्या. पांढऱ्या होत चाललेल्या केसांच्या, चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून माणसाकडे वरून बघणाऱ्या. विलाससाहेबांच्या खोलीत मोठ्या टेबलावर मोशीचा नकाशा पसरला होता. एका बाजूला रणजीत इस्त्रीच्या शर्टात. दुसऱ्या बाजूला तनुजा. अफताबभाई दारापाशी.

"मॅडम, ओटी म्हणजे आमच्यात काय असतं..." रणजीतनं सुरुवात केली.

"मला ओटी समजावू नका. मी मंचरची आहे. आमच्या शेजारच्या काकू ईदला शीरखुर्मा नेताना आईच्या डब्यात साखर घालून परत द्यायच्या. रिकामं काही परत जात नाही, हे मला कळतं." मग तनुजाकडे वळून म्हणाल्या, "वस्तू कुठेयत?"

"खण कपाटात आहे, तांदूळही," विलाससाहेब घाईनं म्हणाले.

"नारळ?"

विलाससाहेबांनी टाय नसलेली कॉलर सैल केली. "त्याचं... खोबरं झालं, मॅडम."

"खाल्लं कुणी?"

"कार्यालयानं. म्हणजे सगळ्यांनी. म्हणजे मीसुद्धा."

"बरा होता?"

"गोड होता," विलाससाहेब खाली बघत म्हणाले. दारापाशी अफताबभाईंना ठसका लागला.

शमीम मॅडमनी व्हिडिओ लावला. खोलीत तनुजाचाच आवाज घुमला. दोन्हीकडून बंदी आहे, आजी.

"म्हणजे नियम तुम्हाला ठाऊक होता."

"होता."

"मग ओढणी का पसरलीत?"

याचं उत्तर तनुजानं घोकून आणलं होतं. ओघानं घडलेलं चहापाणी, साधं आदरातिथ्य, याला नियम भेट मानत नाही. ओटी त्यातच मोडते. शिवाय त्याच दिवशी लेखी कळवलं आहे. उत्तर बरोबर होतं. ते म्हटलं असतं तर भागलं असतं. ती बोलायला गेली आणि ते उत्तर तिला कुण्या दुसऱ्याच बाईचं वाटलं.

"मला ती हवी होती," ती म्हणाली.

शमीम मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

"सोन्याचं मला माहीतच नव्हतं, ते कळल्याक्षणी परत केलं. पण ओटी हवी होती. माझे मालक गेल्यापासून कुणी भरली नव्हती. नाही म्हणायला हवं होतं. म्हणवलं नाही. एवढं तुम्ही लिहून घ्या."

"ऐकलंत?" रणजीत पुढे सरकून म्हणाला. "हवी होती म्हणतायत. कबूलच केलं की."

शमीम मॅडमचं पेन कागदावर टेकलेलं होतं, पण चालत नव्हतं. "विलासराव," त्या म्हणाल्या, "हे सरकारी भाषेत कसं लिहितात?"

विलाससाहेबांनी नियमांचं पुस्तक पुढं ओढलं.

तेवढ्यात दारातून अफताबभाई बाजूला झाले. त्यांच्या मागे सोजराबाई उभ्या होत्या. डोक्यावरून पदर, काखेत कापडी पिशवी, जिना चढून धाप लागलेली.

"आई?" रणजीत उठलाच. "तू इथं कशी?"

"बसनं. तुला इचारलं असतं तर तू आनली असतीस व्हय?"

त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पण त्यांनी कुणाची परवानगीही मागितली नाही. पिशवीतून पितळी ताट काढलं आणि नकाशाच्या कडेला ठेवलं. तांदळाची पुरचुंडी काढली. मग कनवटीला हात घातला आणि बोटांत वेढणं धरून ताटावर सोडलं.

टण्ण.

"ह्यो आवाज त्या मोबाईलात हाय का, बगा."

शमीम मॅडम रणजीतकडे वळल्या. "हा व्हिडिओ पुढे पाठवलेला आहे. मूळ तुमच्या फोनमध्ये असेल. लावा."

"तो... डिलीट झाला."

"हा तुकडा जपून ठेवलात आणि मूळ डिलीट झाला?"

मोबाईल रणजीतच्या हातातच होता. तो त्यानं खिशात ठेवला.

"मॅडम, मी अंगणात होतो," अफताबभाई म्हणाले. "आवाज मी ऐकला. दादासाहेबांनीही ऐकलाय. त्यांच्याविरुद्धही रेघ गेलीय, म्हणजे ते खोटं बोलतील तर आमच्याविरुद्धच बोलतील. पण हे नाही नाकारणार."

"हे वेढणं कुणाचं, आजी?"

"माजं. आमच्या धन्यानं पयल्या कांद्याच्या पट्टीच्या पैशातनं केल्यालं. माज्या डब्यातनं ह्यानं काढलं आन् माज्याच हातनं हिच्या ओटीत घातलं. मी भाबडीवानी हसत हुबी." सोजराबाईंचा आवाज कापला नाही, फक्त खाली गेला. "मी तिला म्हनलं, ही बंदी आमी घातली, आमीच मोडतो. मोठा तोरा मिरवला. आन् त्याच ताटात ह्यानं लाच ठिवली. पोरीनं ती परत केली, पर माजी ओटी परत केली न्हाई. माजा मान तिनं राखला. मंग तिचा कोन राखनार?"

शमीम मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आजी, एक नीट समजून घ्या. आता कायद्यात घेणाराच नाही, देणाराही गुन्हेगार धरतात. तुम्ही सांगताय ते मी लिहिलं, तर कागद वर जाईल. तो तुमच्या मुलावर जाईल. अजून लिहिलेलं नाही. पाणी प्या, विचार करा."

पाण्याचा ग्लास आला. सोजराबाईंनी तो हातात धरला, प्यायल्या नाहीत. रणजीत आईकडे बघत होता. इस्त्रीच्या शर्टातला तो माणूस एकाएकी शाळेतून मार खाऊन आलेल्या पोरासारखा दिसायला लागला होता. तनुजाला वाटलं, आपणच म्हणावं, राहू द्या मॅडम. तिनं तोंड उघडलं.

सोजराबाईंनी हातानंच तिला थांबवलं.

"ल्हिवा," त्या म्हणाल्या. "माजा हाय म्हनून हद्द सरकती व्हय?"

पेन चालू लागलं. रणजीत उठला आणि निघून गेला. जिन्यावर त्याच्या बुटांचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग खाली गाडी सुरू झाली.

शमीम मॅडमनी लिहिलेलं वाचून दाखवलं. तक्रारीत तथ्य नाही. आढळलेली मौल्यवान वस्तू अधिकाऱ्यानं जागीच, साक्षीदारांसमोर परत केली. नारळ, खण व तांदूळ हे स्थानिक रूढीप्रमाणे झालेलं आदरातिथ्य. ते त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवलं. मोजणी कायम. शेवटी त्या जरा थांबल्या.

"ते तुमचं, हवी होती म्हणालात ते, मी लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "नियमात त्याला रकाना नाही. पण मी ऐकलं."

तनुजानं मान हलवली. तिला हसू येत होतं आणि ते दाबताही येत नव्हतं. विलाससाहेबांनी कपाटातून खण काढून तिच्यापुढे ठेवला. "घे बाई. आता तुझा झाला."

तनुजानं खण हातात घेतला. मग सोजराबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"आजी, पदर धरा पुढं."

सोजराबाई बघतच राहिल्या. ओटी भरून घ्यायलाच जिला बंदी, ती भरणार? त्यांनी आजूबाजूला पाहिलं, जणू कुणीतरी जिन्यात उभं आहे.

"विलासराव," शमीम मॅडम कागद गोळा करत म्हणाल्या, "अधिकाऱ्यानं काही द्यायचं असेल, तर त्याबद्दल नियमात काही आहे?"

"घेण्याबद्दल पुष्कळ आहे, मॅडम," विलाससाहेब म्हणाले. "देण्याबद्दल कुठंच काही नाही."

"मग बघताय काय? नारळ तुम्हीच खाल्लाय."

अफताबभाई तोवर जिना उतरलेही होते. चौकातल्या दुकानातून नारळ घेऊन ते धापा टाकत परत आले, शेंडीला धरून. "निवडून आणलाय," म्हणाले. "पाणी वाजतंय."

हळदकुंकवाची पुडी सोजराबाईंच्याच पिशवीत निघाली. तनुजानं त्यांच्या कपाळावर आधी हळद लावली, मग न थांबता कुंकू. नारळ घातला, खण घातला, पुरचुंडीतले तांदूळ ओंजळीनं घातले. सोजराबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. दोन्ही हात पदराला लागलेले होते.

"आजी, चिमूट."

"व्हय की. इसरले." त्यांनी पदरातले चार दाणे काढले आणि तनुजापुढे टाकायला गेल्या. ताट आधीच पिशवीत गेलं होतं. दाणे टेबलावर पडले.

वेढणं त्यांनी पुन्हा कनवटीला खोचलं. अफताबभाई त्यांना गाडीवरून स्टॉपपर्यंत सोडायला निघाले. "घट्ट धरा हां आजी," त्यांचा आवाज जिन्यातून आला. "ओटी धरू का तुला धरू, एक काय त्ये सांग," सोजराबाईंचा आला.

तनुजा खिडकीशी गेली. खाली दुचाकीच्या मागच्या सीटवर सोजराबाई एका अंगाला ताठ बसल्या होत्या. एका हातानं अफताबभाईंचा खांदा धरलेला, दुसऱ्या हातानं भरलेला पदर पोटाशी. आज त्या ज्या घरी चालल्या होत्या, तिथे दार कोण उघडेल हे कुणालाच सांगता आलं नसतं. गाडी नाशिक रस्त्याच्या गर्दीत शिरेपर्यंत त्यांचा पदर ढळला नाही.

ती टेबलाशी परत आली. नकाशा गुंडाळायचा होता. दाणे त्याच्यावर पडले होते, लाल रेघेच्या दोन्ही बाजूंना. विलाससाहेबांनी झटकायला हात पुढे केला.

"राहू द्या, साहेब," तनुजा म्हणाली. "मी वेचते."